'मादाम सातां' बघायच्या आधी: गरिबी, ड्रॅग आणि पोलिसांची फाईल

२००२ साली ब्राझीलमध्ये 'मादाम सातां' नावाचा सिनेमा आला. करीम आइनूझ या दिग्दर्शकाची ही पहिलीच फुल लेंग्थ फिल्म, त्याच वर्षी कान फेस्टिव्हलमध्ये दाखवली गेली आणि तिथून जगभर पोचली. ती बघून झाल्यावर बहुतेकांना एकच प्रश्न पडतो, हा माणूस नक्की कसा म्हणायचा? कारण यातला नायक मारामाऱ्या करतो, गिऱ्हाइकांना गंडवून पैसे काढतो, घरातल्या माणसांवर डाफरतो, शेवटी एकाला गोळी घालतो, आणि तोच माणूस रात्री अंगभर चमचमतं काहीतरी लावून स्टेजवर येतो तेव्हा आपली नजर त्याच्यावरून हटत नाही. मग त्याची कीव करायची, की त्याला हिरो मानायचं, की घाबरायचं, काहीच ठरत नाही. मला वाटतं त्या काळातलं ब्राझील थोडं माहीत असेल तर हा गुंता बराच सुटतो, म्हणून हे लिहितेय.

सिनेमाची सुरुवातच बघा. पडद्यावर फक्त एक चेहरा, मार खाऊन सुजलेला, रक्ताळलेला, सरळ कॅमेऱ्याकडे तोंड करून उभा. मागून एक सरकारी आवाज पोलिसांचा रिपोर्ट वाचत जातो. हा इसम या भागात दंगेखोर म्हणून प्रसिद्ध आहे, भुवया कोरतो, बायकी वागतो, आवाजसुद्धा बदलतो, वेश्या आणि तसल्याच लोकांच्यात वावरतो, गुन्हेगारीकडे ओढा आहे, वगैरे. बघा म्हणजे, त्या माणसानं नेमकं केलं काय हे त्यात नावापुरतं, तो कसा दिसतो, कसा बोलतो, कुणाच्या संगतीत असतो, सगळा भर त्याच्यावर. चेहरा गप्प आणि फाईल बोलतेय. पुढचा पावणेदोन तासांचा सिनेमा म्हणजे या फाईलला दिलेलं उत्तर आहे असं समजून बघितलात तर प्रत्येक सीन जागेवर बसतो.

आता हा माणूस कोण. जुआंव फ्रान्सिस्को दोस सांतोस, खरोखर होऊन गेलेला माणूस, पुढे मादाम सातां म्हणून ओळखला गेलेला. जन्म १९००, ब्राझीलच्या ईशान्येला पेर्नांबुको राज्यात ग्लोरिया दो गोइता नावाच्या गावात, घरची माणसं गुलामगिरीतून आलेली, भावंडं डझनाच्या वर. त्यानं पुढे स्वतः सांगितलेली गोष्ट अशी की तो लहान पोरगा असताना आईनं त्याला एका घोड्यांच्या व्यापाऱ्याकडे दिलं आणि बदल्यात एक घोडी घेतली. आई दुष्ट होती म्हणून नव्हे, खायला घालायला काही नव्हतं म्हणून. त्या व्यापाऱ्याकडे पोराला राबवून घेतलं गेलं, तिथून तो निसटला आणि फिरत फिरत रिओ दे जानेरोला आला, तेव्हा रिओच देशाची राजधानी होती.

ही घोडीची गोष्ट ऐकून धक्का बसतो पण तारीख बघितली की धक्का जरा वेगळ्या जागी बसतो. ब्राझीलमध्ये गुलामगिरी बंद झाली १३ मे १८८८ ला, म्हणजे जुआंव जन्मला तेव्हा तिला जेमतेम बारा वर्षं झाली होती. अमेरिका खंडात सगळ्यात उशिरा गुलामी बंद करणारा देश हाच, आणि आफ्रिकेतून सगळ्यात जास्त माणसं पकडून आणली तीही इथेच, साधारण ४८ लाखांच्या आसपास. कायदा झाला तेव्हा लोकांना मोकळं सोडलं पण जमीन दिली नाही, पैसा दिला नाही, शाळा दिली नाही. उलट सरकारी मदतीनं युरोपमधून मजूर आणले गेले आणि मळ्यात-कारखान्यात कामाला त्यांना पहिली पसंती मिळाली. मग जी माणसं कालपर्यंत फुकट राबत होती ती आज रिकाम्या हातानं शहरात आली. माणसाच्या बदल्यात जनावर द्यायची सवय कागदावर संपली होती, लोकांच्या व्यवहारात ती संपायला वेळ लागला, आणि जुआंव त्या मधल्या काळातला.

यानंतर येतो सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि सिनेमात तो कुणी बोलून दाखवत नाही त्यामुळे सहज निसटतो. कायदा.

गुलामी संपल्यावर दोन वर्षांत, १८९० ला, ब्राझीलची नवी दंडसंहिता आली. त्यात भटकेगिरी हा गुन्हा होता. ज्याला काम नाही, उत्पन्न नाही, ठरलेलं घर नाही, त्याला पंधरा ते तीस दिवस कोठडी. म्हणजे गरीब असणं हाच गुन्हा. त्याच संहितेत कापोएरा हाही गुन्हा होता, म्हणजे गुलामांनी जोपासलेली ती नाचासारखी दिसणारी लढाईची कला, ती रस्त्यावर केली तर दोन ते सहा महिने आत. १९३० च्या दशकाच्या शेवटाकडे तिला मान्यता मिळाली आणि आज ती देशाची शान म्हणून जगभर शिकवतात. आणि त्याच संहितेत तिसरं एक कलम होतं, आपल्या लिंगाला न शोभणारे कपडे घालून सार्वजनिक ठिकाणी लोकांना फसवणं, त्याला पंधरा ते साठ दिवस.

आता ही तीन कलमं एकत्र ठेवून जुआंवकडे बघा. काळा आहे म्हणून धड नोकरी मिळत नाही, नोकरी नाही म्हणून भटक्या, कापोएरा येतो म्हणून गुंड, भुवया कोरतो म्हणून विकृत. घराबाहेर पाऊल टाकलं की त्याला पकडायला पोलिसांकडे तीन कारणं तयार. एक गोष्ट मात्र बऱ्याच जणांना माहीत नसते, समलिंगी संबंध हा ब्राझीलमध्ये तेव्हा गुन्हा नव्हताच, १८३० च्या संहितेतच तो काढून टाकला होता. त्यामुळे पोलिसांना थेट त्या नावाखाली पकडता यायचं नाही, मग भटकेगिरी, अश्लील वर्तन, वेषांतर या कलमांनी तेच काम व्हायचं. श्रीमंत माणूस आपल्या बंगल्यात काहीही करू शकत होता, त्याला पत्ता होता आणि उत्पन्न होतं. कलमं लागायची ती रस्त्यावरच्या माणसाला. आपल्याकडे ब्रिटिशांनी १८७१ ला जो गुन्हेगार जमाती कायदा केला त्याच्या दुसऱ्या भागात तृतीयपंथीयांची नोंदणी होती, आणि नोंद झालेल्यानं बायकी वेषात चारचौघांत फिरलं किंवा नाचगाणं केलं तर अटक, हे ज्यांनी वाचलंय त्यांना ब्राझीलची ही व्यवस्था लगेच कळेल.

सिनेमा घडतो १९३२ च्या सुमारास, आणि हे वर्ष उगाच निवडलेलं वाटत नाही मला. १९३० ला जेतुलिओ व्हार्गास सत्तेवर आला होता, आणि १९३२ ला त्याच्या सरकारनं कामगारांसाठी एक कार्ड काढलं, कुठे काम करता, किती दिवस करता याची नोंद असलेली छोटी वही. हेतू कामगारांना हक्क द्यायचा होता आणि अनेकांना ते मिळालेही. पण झालं असं की पुढे हीच वही सज्जनपणाचा पुरावा झाली, पोलिसांनी रस्त्यात अडवलं की ती दाखवायची, नसेल तर तू भटक्या. देशानं माणसांची दोन गटांत वाटणी केली, काम करणारे आणि नालायक, आणि कॅबरेत गाणाऱ्याला, कपडे शिवून देणाऱ्याला, धंदा करणाऱ्या बाईला ती वही देणार कोण?

जुआंव राहायचा त्या भागाचं नाव लापा. रिओच्या मध्यावर, जुन्या दगडी जलवाहिनीच्या पांढऱ्या कमानींजवळ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रिओचं पॅरिस करायचं म्हणून मधल्या वस्तीतली गरिबांची दाटीवाटीची घरं पाडली गेली, रुंद रस्ते झाले, माणसं टेकड्यांवर ढकलली गेली. लापामध्ये मात्र खानावळी, कॅबरे, जुगाराचे अड्डे, स्वस्त खोल्या हे सगळं टिकलं, त्यामुळे रात्री श्रीमंत पोरं मजा करायला इथे यायची, आणि ती मजा पुरवणारी माणसं इथेच राहायची. इथला राजा म्हणजे मलांद्रो. पांढरा सूट, तिरकी टोपी, खिशात वस्तरा, कुणाची चाकरी करणार नाही अशी ऐट असलेला रस्त्यावरचा दादा, सांबा या ब्राझीलच्या लोकप्रिय नाचगाण्याच्या प्रकारातल्या गाण्यांमधून तो खूप लाडका झाला. जुआंव मलांद्रो होता. आणि उघडपणे समलिंगीही होता. लोकांच्या डोक्यात या दोन गोष्टी एका अंगात मावत नव्हत्या, आणि त्याला दोन्हीपैकी एकही सोडायची नव्हती. तो म्हणायचा मी पुरुष आहे आणि मला हेही आवडतं, विषय संपला.

सिनेमाचा जो भाग मला सगळ्यात जास्त पटतो तो घरातला. एका मोडक्या खोलीत जुआंव, लॉरिता नावाची वेश्याव्यवसाय करणारी बाई, तिची लहान मुलगी, आणि ताबू नावाचा बायकी पुरुष जो घरकामही करतो आणि धंदाही. मार्सेलिया कार्ताशोनं लॉरिता केलीय आणि फ्लाव्हिओ बाउराकीनं ताबू, दोघांनीही जीव ओतलाय. हे कुटुंब रक्ताचं नाही आणि गोड गोडही नाही. जुआंव बापासारखा त्या मुलीला खेळवतो आणि मालकासारखा ताबूला राबवतो. पैसे आले की चैन, नसले की भांडण. गरिबीवरच्या बऱ्याच सिनेमांत गरीब माणसं एकमेकांशी फार चांगली वागतात, कारण प्रेक्षकाला त्यांची दया यावी असं बनवणाऱ्याला वाटतं. इथे तसं नाहीये. अपमान वरून खाली वाहत येतो, दिवसभर बाहेर जुआंवनं जे गिळलं ते रात्री ताबूवर निघतं. ताबू तेही सोसतो कारण या खोलीबाहेर त्याला कुणीच नाही. हे बघायला त्रास होतो आणि झालाच पाहिजे, गरिबी माणसाला काय करते ते इथे दिसतं.

पैशाचाही एक सीन नीट बघा. जुआंव आधी एका कॅबरेमध्ये गोऱ्या गायिकेच्या हाताखाली काम करतो, तिचे कपडे सांभाळायचे, तिला तयार करायचं, आणि ती स्टेजवर गात असते तेव्हा पडद्यामागे उभं राहून तेच गाणं ओठांनी म्हणायचं. त्याला सगळं पाठ आहे, प्रत्येक हात, प्रत्येक मान. तिचे कपडे अंगाला लावताना तो सापडतो आणि ती त्याचा पाणउतारा करते. मग तो मालकाकडे आपला थकलेला पगार मागायला जातो, मालक देत नाही, तेव्हा तो जबरदस्तीनं घेतो. कायद्याच्या भाषेत ही चोरी. पोलीस याच चोरीसाठी त्याला शोधत येतात. पगार बुडवणाऱ्या मालकाला शोधत कुणीच आलं नाही, आणि सिनेमा हे ओरडून सांगत नाही, तो फक्त दोन्ही गोष्टी एकामागोमाग दाखवतो. तसंच हाय लाईफ नावाच्या क्लबच्या दारात होतं, जुआंव, लॉरिता आणि ताबू तिघं नटूनथटून गेलेले असतात, खिशात पैसे असतात, तरी आत घेत नाहीत.

आता ड्रॅगबद्दल, म्हणजे पुरुषानं बाईसारखं नटूनथटून स्टेजवर करायची कला. आजकाल ड्रॅग म्हटलं की टीव्हीवरच्या स्पर्धा, महागडे विग, हजारो रुपयांचा मेकअप डोळ्यासमोर येतो. जुआंवचं ड्रॅग तसलं नाही. त्याच्याकडे हातात सापडेल ती चकाकी, मण्यांच्या माळा, कापडाचे तुकडे आणि स्वतःचं अंग एवढंच आहे. तो कुठल्या एका बाईची नक्कलही करत नाही. छोट्याशा दानूबियो आझूल नावाच्या बारमध्ये मालकाला पटवून तो पहिल्यांदा स्टेजवर येतो तेव्हा एक अजबच गोष्ट रचून सांगतो. चीनमध्ये एक शार्क असतो, क्रूर, सगळं चावून टाकणारा, त्याला शांत ठेवायला लोक रोज सात रानमांजरं अर्पण करतात, मग तिजुकाच्या जंगलातून जामासी नावाची देवता येते आणि त्याच्याशी झुंजते. तिजुका म्हणजे रिओच्या टेकड्यांवरचं खरं जंगल. चीन कुठलं, जंगल कुठलं, सगळं त्यानं सिनेमांतून, गाण्यांतून, कॅबरेच्या पडद्यामागून ऐकून गोळा केलेलं. त्याची आदर्श जोसेफिन बेकर, अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये गरिबीत वाढलेली काळी नर्तकी जी पॅरिस जिंकून बसली आणि १९२९ ला रिओतही येऊन गेली.

तो स्टेजवर असताना काय होतं तर पोलिसांच्या फाईलमधल्या सगळ्या ओळी उलट्या फिरतात. कोरलेल्या भुवया तिथे पुरावा होत्या, इथे शृंगार आहेत. कापोएराच्या लाथा तिथे गुन्हा, इथे नाच. बदललेला आवाज तिथे विकृती, इथे गाणं. त्याच्याकडे जे जे होतं म्हणून त्याला आत टाकत होते, तेच सगळं घेऊन तो लोकांना उभं करतो. ज्याच्या नावावर जमीन नाही, घर नाही, नोकरी नाही, त्याची एकुलती एक मालमत्ता ही. म्हणून ड्रॅग हा गरिबाचा विरंगुळा होता, दुःख विसरायला नाचायचा, असं कुणी म्हणालं की मला ते पटत नाही. तो दुःख विसरत नाही, तो त्यातूनच माल काढून काहीतरी बनवतो आणि त्याचे पैसे मागतो, मजुरी मागतो, कलाकार म्हणून.

आणि मग गोळी. शो झाला, लोक खूश, जुआंव अजून मेकअपमध्येच बारमध्ये बसलाय, आयुष्यात पहिल्यांदा शांत, आणि एक दारुडा येऊन त्याला घाण शिव्या देत राहतो. आधी तो दुर्लक्ष करतो. मग घरी जातो, पिस्तूल घेतो, येऊन त्याला मारतो. इथे बरेच प्रेक्षक नाराज होतात, की एवढी सहानुभूती मिळवून दिग्दर्शकानं घालवली. माझं मत उलट आहे. खून हा खूनच आहे, मेलेला माणूस शिवीमुळे मरायला नको होता, आणि सिनेमा त्याला माफीही देत नाही, दहा वर्षांची शिक्षा ऐकवतो. पण ती शिवी कुठल्या क्षणी आली तेही दाखवतो. सोसणारा गरीब आपल्याला आवडतो कारण तो आपल्याकडे काहीच मागत नाही, आणि हा माणूस सोसत नाही. खऱ्या आयुष्यात ज्याच्या खुनाबद्दल त्याला पहिली मोठी शिक्षा झाली तो पोलिसवाला होता, सिनेमात तो साधा दारुडा केलाय. हा बदल मला महत्त्वाचा वाटतो, पोलीस ठेवला असता तर आपण पटकन जुआंवच्या बाजूनं झालो असतो, दिग्दर्शकानं ती सोपी वाट घेतली नाही.

दिग्दर्शनाबद्दल थोडक्यात. जन्मापासून मरेपर्यंत असं चरित्र यात नाहीच, आयुष्यातला एक छोटा तुकडा आहे, ज्यात तो अजून मादाम सातां झालेलाच नाहीये. वॉल्टर कार्व्हाल्योचा कॅमेरा अंधारात, अंगाच्या इतका जवळ की घाम, टिकल्या, जखमा सगळं एकच वाटायला लागतं. जुआंवचं काम करणारा लाझारो रामोस तेव्हा विशीतला होता, ब्राझीलमधल्याच साल्व्हाडोर शहरातल्या काळ्या कलाकारांच्या नाटक मंडळीतून आलेला, सिनेमात मुख्य भूमिका पहिल्यांदाच, आणि त्यानं जे केलंय ते बघताना अभिनय बघतोय असं वाटत नाही.

नाव कुठून आलं ते सिनेमाच्या अगदी शेवटाला येतं. कार्निव्हल म्हणजे तिथला दरवर्षीचा नाचगाण्याचा उत्सव, ते दिवस असे होते की बाकी वर्षभर ज्या कपड्यांसाठी पोलीस पकडायचे ते तेव्हा चालायचे. अशाच एका कार्निव्हलच्या वेशभूषा स्पर्धेत, रिओच्या रेपुब्लिका थिएटरमध्ये, तो टिकल्यांनी मढवलेल्या वटवाघळाच्या वेषात उतरला, ईशान्येकडचं, त्याच्या गावाकडचं वटवाघूळ, आणि पहिला आला. नंतर पुन्हा कुठेतरी पकडला गेला तेव्हा एका पोलिसानं त्याला ओळखलं आणि तेव्हाच्या एका हॉलिवूड सिनेमावरून मादाम सातां, म्हणजे मॅडम सैतान, म्हणाला, ते चिकटलं. सिनेमा हे १९४२ ला घडल्याचं सांगतो, इतिहासाच्या पुस्तकांत १९३८ सापडतं, त्यामुळे सिनेमा तारखांसाठी बघू नका.

पुढचं आयुष्य सिनेमात नाही म्हणून सांगते. सगळे तुरुंगवास मिळून २७ वर्षांहून जास्त काळ तो आत होता, त्यातला बराचसा इल्या ग्रांदी नावाच्या बेटावरच्या तुरुंगात, आणि सुटल्यावर तो त्याच बेटावर राहायला गेला. १९७१ ला, लष्करी हुकूमशाही चालू असताना, पास्किम नावाच्या बंडखोर साप्ताहिकानं त्याची लांबलचक मुलाखत छापली आणि म्हातारपणी तो नव्या पिढीला माहीत झाला, पुढच्या वर्षी आठवणींचं पुस्तकही आलं. १९७६ ला गेला, गरीबच गेला. आणि मधल्या काळात, इतक्या तुरुंगवाऱ्यांमध्येसुद्धा, त्यानं दत्तक घेऊन मुलं वाढवली. सिनेमात तो लॉरिताच्या मुलीला कडेवर घेऊन फिरतो ते बघताना हे डोक्यात असू द्या, ते त्याला चांगला दाखवायला घातलेलं नाहीये.